ऐंशी शिलिंगची चव

डॉड प्रिंगलला त्या मुलीचा संशय पहिल्या घोटापासून होता. बिअर वाईट होती म्हणून नव्हे. उलट ती चांगली होती, आणि म्हणूनच त्याला कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटत होतं.

मुलगी म्हणजे मॉर्व्हन गेडिस, स्कॉटलंडमधल्या ट्वीड नदीकाठच्या क्रेगहोप ब्रुअरीची नवी मुख्य ब्रुअर. चौतीस वर्षं बंद पडलेली ब्रुअरी मालकीणबाई मिसेस लॉकहार्टनी पुन्हा उघडली ती एकाच हट्टापायी: इथली जुनी ऐंशी शिलिंग परत आणायची. शिलिंग देशातून कधीच गेले, बिअरचं नाव तेवढं राहिलं. डॉडच्या बापाने, वॉटी प्रिंगलने, ती तीस वर्षं केली होती आणि त्याची वही आता मॉर्व्हनकडे होती. पण वहीतून चव कळत नाही, असं मालकीणबाईंचं म्हणणं. म्हणून त्यांनी इथली तीन जुनी माणसं चाखायला बोलावली: पिंपं बांधणारा डॉड, पिंपांची गाडी चालवणारा एकी बेर्ड आणि बाटल्या धुणारी बेला.

क्रेगहोपचा रिवाज असा, की बिअर पटली तर ग्लास रिकामा करून टेबलावर उपडा घालायचा. तिघांपैकी दोन ग्लास उपडे झाले की ती पास. आतापर्यंत दोनदा तिन्ही ग्लास अर्धेच राहिले होते. आज तिसरी वेळ, आणि आजही जमलं नाही तर मॉर्व्हनने दुसरीकडे नोकरी बघावी, असं मालकीणबाईंनी तोंडावर सांगून टाकलं होतं.

काय कमी पडतंय ते डॉडला नेमकं ठाऊक होतं. गोडवा होता, भाजलेल्या सातूचा वास होता. पण घोट उतरल्यावर जिभेच्या कडेला एक आंबूस चिमटा बसायचा, तो काही केल्या येत नव्हता. ती त्याच्या बापाच्या हाताची खूण होती, आणि ती दुसऱ्या कुणाला साधत नाही याचा त्याला मनातून आनंदही होता.

“जाळावर नाही, वाफेवर उकळते आणि वरून रंग ओतते,” आदल्या दिवशी तो एकीला म्हणाला. “कोळसा वाचवतेय. लिहून घे माझ्याकडून.”

“तू पाहिलंस?”

“पाहायला कशाला हवं? किती गोड बोलते बघ. सरळ माणूस इतकं गोड बोलतो का?”

“मग माझी बायको गावात सगळ्यात सरळ,” एकी म्हणाला.

चोर रंगेहाथ पकडायचा म्हणून डॉड सकाळी सहालाच मागच्या दाराने ब्रुअरीत शिरला. आज नवा घाणा चढणार होता हे त्याला माहीत होतं. बघतो तर तांब्याच्या कढईखाली कोळशाचा जाळ धडधडत होता. सातूचा गोड रस वहीत लिहिल्याप्रमाणे बुडाशी किंचित लागू देत उकळत होता आणि घामाने निथळलेली मॉर्व्हन फावड्याने जाळ सारखा करत होती. रंगाचा डबा कुठे नव्हता. डॉडने तो पिशव्यांमागे शोधला, फळीवर शोधला, अगदी तिच्या डब्याचं झाकणसुद्धा उघडलं. आत चीजचं सँडविच होतं.

“मिस्टर प्रिंगल, भूक लागली असेल तर अर्धं घ्या,” ती मागून म्हणाली.

डॉड ओशाळला, पण हटला नाही. बिअर आंबवायची ओकची मोठी टाकी कोपऱ्यात होती, तिच्याभोवती तो फिरला. लाकूड हा त्याचा प्रांत. मागच्या बाजूला, भिंतीलगत, खालच्या फळीत त्याला नव्या लाकडाचं बूच दिसलं.

“हे काय बुजवलंयस?”

मॉर्व्हनने जाळात आणखी एक फावडं कोळसा टाकला.

“मी विचारतोय, पोरी. हे भोक मी पाडलं होतं, माझ्या हातांनी. बाबांना थंड पाण्याची नळी आत घ्यायची होती.”

“पाण्याची म्हणाले ते?” तिने फावडं खाली ठेवलं. “नाही पाहिलंत तर बरं, मिस्टर प्रिंगल. खरंच सांगते.”

आता तर तो ऐकेलच कसा! भिंतीत कापलेल्या तांब्याच्या नळीचं तोंड होतं. ती भिंतीपलीकडे कुठे जाते ते बघायला तो अंगणात गेला. गाड्या उतरवायच्या जागेखाली एक हौद होता, आणि त्याच्या झाकणावर बापाच्या वळणदार अक्षरात पांढऱ्या रंगाने लिहिलं होतं: परतीचा माल.

परतीचा माल म्हणजे पबांतून परत यायचं ते. पिंपांच्या तळाची शिळी बिअर, नळाखालच्या ताटलीत सांडलेली, आणि कुणी बघत नसेल तेव्हा ग्लासांत राहिलेलीसुद्धा. तो गटारात ओतायचा, असा नियम. इथून मात्र नळी थेट ऐंशी शिलिंगच्या टाकीत जात होती.

डॉड हौदाच्या कठड्यावर बसला. जिभेच्या कडेचा तो चिमटा काय होता ते त्याला कळलं.

“वहीत हे नाहीय,” मॉर्व्हन दारात उभी राहून म्हणाली. “वसंतात साफसफाई करताना सापडलं.”

“मग बोलली का नाहीस? तुझी नोकरी जाईल.”

“मी बोलले असते तर तुम्ही काय म्हणाला असतात?”

पोरगी माझ्या मेलेल्या बापावर चिखल उडवतेय, असंच तो म्हणाला असता. सगळ्या गावाला ओरडून सांगितलं असतं. त्याला तिच्या तोंडाकडे बघवेना.

अकराला तिघं टेबलाशी बसली. मालकीणबाई खिडकीशी उभ्या होत्या, मॉर्व्हन दाराजवळ. डॉडने ग्लास उचलला, एका दमात संपवला आणि उपडा घातला.

बेलाचे डोळे विस्फारले. “हे काय रे? तीच मागची तर आहे! गेल्या वेळी तूच म्हणालास ना, जीव नाही हिच्यात?”

“गेल्या वेळी मी गाढव होतो. बाईसाहेब, बिअर चोख आहे. आपल्याला जी चव हवीय ती परतीच्या मालाची. माझ्या बापाने तीस वर्षं आपल्याला उष्टं पाजलं. अंगणात हौद आहे, नळी आहे, जाऊन बघा.”

मग बेलाने आपला ग्लास दूर सारला. “किती दिले हिने तुला, डॉड? स्वतःच्या बापाला विकलंस?”

तिच्या जागी डॉड असता तर हेच बोलला असता, कदाचित याहून घाण.

आता सगळे एकी बेर्डकडे बघायला लागले. एकीने डोकं खाजवलं. “परतीचा माल दर सोमवारी मीच आणायचो, बाईसाहेब,” तो म्हणाला. “गटारात ओतलेला कधी पाहिला नाही.” त्याने ग्लास तोंडाला लावला, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि डॉडच्या ग्लासाशेजारी उपडा घातला.

मॉर्व्हन भिंतीला टेकली. मालकीणबाईंनी तिच्याकडे बघून मान डोलावली आणि त्या अंगणात गेल्या.

बाहेर पडताना डॉडने एकीचा दंड धरला. “तुला माहीत होतं?”

“सगळ्या गाडीवानांना माहीत होतं.”

“आणि मी समोर बसून ढोसत होतो, तरी बोलला नाहीस?”

“तू बापाचं कौतुक सांगायचास, लेका. त्यात मी कुठे बोलणार?”

“मग तू रे? त्या काळी तूही प्यायलासच की.”

एकीने नजर चुकवली. “मी ऐंशी शिलिंग मागवलेली तुला कधी आठवते?”

डॉड आठवत उभा राहिला. पबातलं तेच टेबल, तोच कोपरा, सगळे शनिवार. एकी त्याच्या समोर बसून आयुष्यभर व्हिस्कीच प्यायला होता.