जसं होतं तसं

नणंदेने जिन्याखालच्या डब्याला कीबोर्ड जोडला आणि काळ्या पडद्यावर पहिला हुकूम दिला. डब्यापर्यंत इंटरनेट येत होतं. डब्यातून पुढे घरात मात्र थेंब नव्हता.

"पाणी आहे, नळ आहे, चावी कोणीतरी आवळलीये," ती म्हणाली. "दादा पण ना. लोक बाजारातून राउटर आणतात, हा जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स घालून घराला तटबंदी बांधतो."

वहिनी हसली नाही. ती खिडकीशी उभी होती, फाटकाकडे तोंड करून.

"लवकर कर गं. हे येतील आता."

नणंदेने फायरवॉलचे नियम काढून पाहिले. एकही नव्हता. उरला होता फक्त मूळ हुकूम: ज्याला परवानगी नाही, त्याला अडव. आणि परवानग्या सगळ्या पुसलेल्या.

"हे आपोआप होत नाही, वहिनी."

"मी पुसले." वहिनी खिडकीकडेच बघत होती. "एकच ओळ काढायची होती. कुठेतरी वाचून हुकूम टाकला, सगळंच गेलं."

नियमांची एक प्रत दादाने जपून ठेवली होती. नणंदेने ती उघडली. टीव्हीला मुभा. मुलीच्या टॅबला मुभा. वहिनीच्या फोनला मात्र वेगळी ओळ: कुठे कुठे जातो त्याची नोंद ठेव, आणि ठरलेल्या चार जागा सोडून सगळीकडे अडव. याला म्हणे संरक्षण. कोंबड्या झाकायची टोपली बरी, तिला भोकं तरी असतात.

"नोकरीचा अर्ज भरायचा होता," वहिनी म्हणाली.

"थांब, ही ओळच उडवते."

"नको. जसं होतं तसं कर."

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"तू जाशील आपल्या घरी."

नणंदेने कीबोर्डवरचा हात उचलला. मग म्हणाली, "बरं, डबा बंद करून चालू करू. जुने नियम आपोआप येतील."

"कळतं त्यांना. डबा कधीपासून सलग चालू आहे ते आल्याआल्या बघतात."

"मग मीच सांगते, मी पुसले म्हणून. आणि ती ओळ काढ असंही तोंडावर सांगते. दादाला काय घाबरायचं? लहानपणी चावलेय मी त्याला."

तिने जपून ठेवलेली प्रत परत चढवली. बाहेरच्या खोलीत टीव्ही बोलू लागला. तेवढ्यात फाटक वाजलं.

दादा बूट न काढता थेट जिन्याखाली आला. वाकून त्याने डब्यावर तळहात ठेवला, ताप बघावा तसा.

"ऑफिसातून बघितलं," तो म्हणाला. आवाज अगदी मऊ. "दुपारपासून घरातून काहीच बाहेर जात नव्हतं."

वहिनीने नणंदेकडे पाहिलं.

"लाइन गेली होती, दादा," नणंद म्हणाली. "मी नुसतं बघत होते."

"लाइन. बरं." त्याने हात पुढे केला. "तुझा फोन बघू जरा."

नणंदेने फोन काढला. त्याने सांगायच्या आधीच तिने कुलूप उघडून तो त्याच्या हातावर ठेवला.