देवीलालच्या दुकानातले दोन स्पीकर

दारव्ह्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मी फिटर. कोणत्या मशीनचं बेअरिंग बिघडलंय हे मी फाटकातून आत येतानाच सांगतो, आणि त्याची मला थोडी मिजास आहे, खोटं कशाला बोलू? पण वर्षभरापासून माझी बायको तुळसाबाई एकच पालुपद लावून बसली होती. "दहादा म्हटलं सरपण फोडा म्हून. तुमाले ऐकूच येत नाही!" आधी मी चिडलो. मग घाबरलो. माझा बाप याच जिनिंगमध्ये पन्नाशीत ठार बहिरा झाला होता. त्याला फाटकावर बसवलं. तिथं मोटारचा हॉर्न ऐकू येईना, म्हणून घरी बसवलं. आणि आता मी सत्तेचाळीसचा झालो होतो.

त्याच वर्षी, चौसष्ट साली, मॅनेजर साहेबांची बदली झाली आणि जाताना त्यांनी आपला जुना रेकॉर्ड प्लेअर मला दिला. त्याचा स्पीकर फाटला होता. बोनसमधले पस्तीस रुपये घेऊन आम्ही दोघं गाडीनं यवतमाळला, देवीलालच्या रेडिओच्या दुकानात गेलो.

त्यानं फळीवर दोन स्पीकर मांडले. लहान अठ्ठावीसचा, मोठा पंचेचाळीसचा, आणि मध्ये एक बटण. रेकॉर्ड लावून त्यानं बटण एकीकडे केलं.

"हा लहान." मग खटकन दुसरीकडे. "अन् हा मोठा. आता सांगा बाबारावजी, जमीन-अस्मानाचा फरक हाये का नाही?"

मला काडीचाही फरक कळला नाही.

"पुन्हा लाव," मी म्हटलं. त्यानं पुन्हा लावलं. तेच. तुळसाबाई मात्र मान डोलवत होती.

"मोठ्याचा आवाज कसा भरून येते! तुमाले नाही येऊन राह्यला का ऐकू?"

"येते ना! बहिरा हाव का मी?" मी खेकसलो, पण आतून पार गळून गेलो होतो. आज स्पीकर, उद्या बेअरिंग, परवा फाटक. कमी पडणाऱ्या दहा रुपयांसाठी ती बिचारी पदराची गाठ सोडायला लागली, तेव्हा तर मला तिच्याकडे बघवेना.

जिनिंगच्या गोंगाटात कानाची खात्री नसली की मी मशीनला तळहात लावतो. त्या सवयीनंच मी मोठ्या स्पीकरच्या कापडावर हात ठेवला. बटण मोठ्याकडे होतं, रेकॉर्ड जोरात वाजत होती, आणि तो मेल्यासारखा गप्प. मग लहानावर ठेवला. तो थरथरत होता.

"देवीलाल, तुझा मोठा तं मुका हाये!"

त्यानं हात लावून पाहिला, घाईघाईनं बटण उघडलं. आतली पट्टी एकाच बाजूला चिकटून बसली होती. बटण कुठंही करा, मघापासून वाजत होता तो लहानच.

तुळसाबाईनं तोंडाला पदर लावला. "त्यायनं मोठा म्हटलं, तं मले मोठाच वाटला."

मी इतका हसलो की बाजूचा शिंपी बघायला आला. तिघांत शाबूत कान एकट्या माझेच होते! देवीलालनं पट्टी सरळ केली. मी म्हटलं, "आता मी डोळे मिटतो. तू कोणताही लाव." पाच वेळा त्यानं लावले, पाचही वेळा मी बरोबर ओळखले. डोळे उघडले तेव्हा ते भरून आले होते. बापाच्या फाटकावरून परत आल्यासारखं वाटलं मला.

आम्ही लहानच घेतला. त्यात गाण्याचे शब्द स्वच्छ कळत होते. उरलेल्या पैशांतून जिलबी घेतली.

दुसऱ्या दिवशी मी रेकॉर्ड लावून ऐटीत बसलो होतो. चुलीकडून हाक आली, "अवो, सरपण फोडून द्या!" हाक स्वच्छ ऐकू आली, पण जुन्या सवयीनं मी गाण्यातच रमून राहिलो.

ती दारात येऊन उभी राहिली. "वर्षभर मले तुमची कीव येत होती. वाटे, बुवाचे कान गेले. आता तं तुमचे कान चांगले हायेत हे देवीलाललेही मालूम हाये."

मी रेकॉर्ड बंद केली आणि कुऱ्हाड शोधायला उठलो.