कडुनिंबावरची गुळवेल

कोकिळाबाईंचा गुळवेलीचा काढा म्हणजे एकेकाळी दिग्रसच्या त्या गल्लीतला निम्मा दवाखानाच. कडुनिंबावर चढलेली वेल आणायची, ठेचायची, भिजवायची आणि मंद आचेवर आटवायची. चिकनगुनियाच्या साथीत लोक पेले घेऊन दारात उभे राहत. आता पोटचा पोरगा अमर मोठ्या ऑपरेशनातून उठून नुकता शेतावर जाऊ लागला होता, आणि सून वैष्णवी तोच काढा गुपचूप मोरीत ओतत होती. नवरा बरा व्हावा असं हिला वाटत नाही की काय?

"काहून वं, माह्या हातचं विष हाये का?"

वैष्णवी दचकली. "तुमाले वाईट वाटंल म्हणून बोलली नाही, आत्याबाई. गुळवेलीतल्या कडू अर्कानं रक्तातल्या पांढऱ्या पेशी चेततात, रोगाशी लढतात. पण यायच्या पोटात माही किडनी बसवली. चेतलेल्या पेशी तिलेच परकी समजून तिच्यावर तुटून पडतीन. म्हणून तर त्या पेशीइले निजवायच्या गोळ्या चालू हायेत."

"तुही किडनी परकी? इतकी वर्षं संसार केला ना त्याच्यासंग!"

"पेशीले संसार कुठं समजते?"

बाईंना शेतातली बाटली आठवली. सुनेचा भरवसा नाही म्हणून हल्ली त्या स्वतःच शेतात डबा नेत होत्या, आणि डब्यासोबत काढ्याची बाटली. आईचं मन मोडू नये म्हणून अमर मुकाट्यानं पीत होता.

वैष्णवी खरं बोलते की नाही, ही शंका अजून गेली नव्हती. पण ती फेडून घ्यायला पोराचा जीव पणाला लावायची त्यांची तयारी नव्हती.

"गाडी बोलाव," त्या म्हणाल्या. "त्याले आत्ताच यवतमाळले नेऊ. म्या काय पाजलं, ते डॉक्टरले मलेच सांगू दे."