कुणालाच न वाचता येणारी चिन्हे

मित्रांनो, मी एक जुना चिनी कुंचला आहे. ज्या दोन माणसांवर मी विसंबलो, त्या दोघांनीही मला टाकले.

बांबूची दांडी आणि बकरीचे मऊ केस, असा माझा देह. १९९६ साली शिरड शहापूरचे धम्मानंद गुरुजी बोधगयेला गेले. तिथे एका चिनी यात्रेकरूने त्यांना थोडी चिन्हे शिकवली आणि मला भेट दिले. गावी परतल्यावर गुरुजी विहारात मुलांना ती चिन्हे काढून दाखवत. त्यांचा बालमित्र रविंद्र पेंटरही येऊन बसे.

"हे झाड," गुरुजी सांगत. "अशी दोन झाडं शेजारी काढली की झालं रान. आपलं अक्षर आवाज सांगतं. ‘झडम’ लिहा, कुणीबी वाचील. अर्थ मात्र न्हाई. तिकडचं चिन्ह अर्थ घेऊन येतं. दोन मुलखांची माणसं, एकमेकांची बोली न समजणारी, पण हे चिन्ह पाहून दोघांनाबी झाडच कळतं."

"मग त्यांची बाराखडी केवढी?" रविंद्रने विचारले.

"बाराखडीच न्हाई. हजारो चिन्हं, एकेक करून शिकायची."

रविंद्रने मला मागून घेतले. "जिवापाड सांभाळतो," तो म्हणाला. औंढ्याच्या देवळाजवळ पाट्या रंगवायचे त्याचे दुकान होते, तिथे मी आनंदाने गेलो.

पुढे छापील फलक आले आणि हाताने रंगवलेल्या पाट्या कुणी मागेना. मग रविंद्र गुडघेदुखीचे ‘चिनी तेल’ बनवून यात्रेकरूंना विकू लागला. बाटल्यांवर तो माझ्याकडून काहीबाही काढून घेई. कुठे आडवी रेघ, कुठे ठिपका. त्यांना ना आवाज होता, ना अर्थ. मी मुकाट्याने शाईत बुडत राहिलो.

गुरुजींच्या आई जिवनबाईंनी तेच तेल घेतले. "आपल्या रविंद्रचं हाय, वर चिनी लिवलंय," म्हणत त्यांनी ते गुडघ्याला चोळले. कातडी भाजून फोड आले.

गुरुजी बाटली घेऊन दुकानात आले. "रविंद्र, काय लिहिलंस हे?"

"काहीच न्हाई. इथं कुणाला वाचता येतंय?"

"मायचा तुझ्यावर भरवसा होता रे."

रविंद्रची मान खाली गेली. "काम न्हाई राहिलं. काय करावं?" मग त्याने मला पुढे केले. "घे तुझा कुंचला."

किती वर्षे मी गुरुजींच्या हाताची वाट पाहिली होती! गुरुजींनी माझ्याकडे पाहिले.

"राहू दे. याला पाहिलं की मायचे फोड दिसतेत."

ते निघून गेले. रविंद्रने तेल बंद केले आणि मला रिकाम्या डब्यांत फेकले.

रविंद्रने मला खोटे बोलायला लावले, याचा राग येतो. पण गुरुजींना तर माझी खरी भाषा ठाऊक होती. त्यांनी मला सोडले, हे अधिक सलते. मित्रांनो, न वाचता येणाऱ्या लिपीपुढे मान तुकवण्याआधी तिचा अर्थ विचारा. आणि खोटे लिहिले गेले, तर लिहिणाऱ्याला जाब विचारा. कुंचला मात्र धुऊन पुन्हा हाती घ्या.