लेकीचं औषध

मित्रांनो, शिंप्याच्या दुकानाच्या पायरीशी, एका फुटक्या बादलीत वाढलेलं मी एक जुनं झुडूप आहे. माझी पानं इतकी कडू, की बकरीसुद्धा एकदा तोंड लावून पुन्हा फिरकत नाही. किडींनी खाऊ नये म्हणूनच माझ्या पानांत ही कडू द्रव्यं तयार होतात.

शिंप्याची लेक रसायनशास्त्र शिकली, तेव्हा मला पहिल्यांदा कुणीतरी मायेनं हात लावला. तिनं पान पाण्यात चुरडून वडिलांना फेस दाखवला. हा सॅपोनिन नावाच्या द्रव्यामुळे येतो, म्हणाली. माझ्यात फ्लेव्होनॉइड, टॅनिन अशी आणखी द्रव्यं आहेत, आणि माझा अर्क दिल्यावर प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या रक्तातली साखर थोडी उतरल्याचं वाचलंय, असंही तिनं सांगितलं. शिंप्याला मधुमेह होता. मशीन थांबवून तो कान देऊन ऐकत होता.

दुसऱ्या दिवसापासून तो सकाळी माझी पानं चावू लागला. मापं द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, की हे माझ्या लेकीनं शोधलेलं औषध. लोक मूठभर पानं खुडून घरी न्यायचे. लेक आतून ऐकायची. उंदीर वेगळा, माणूस वेगळा, हे तिला ठाऊक होतं. पण वडिलांच्या तोंडचं कौतुक गोड लागायचं, म्हणून ती गप्प राहायची. खरं सांगायचं, तर मलाही ते हवंहवंसं वाटायचं.

शिंप्यानं मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्याचं तिला कळलं ते पायाची जखम चिघळल्यावर. दवाखान्यात अंगठा काढावा लागला.

घरी आल्यावर ती त्याच्याजवळ पायरीवर बसली. "बाबा, गोळ्या का सोडल्या?"

"तू शोधलंस म्हटल्यावर दुसऱ्याचं कशाला घ्यायचं?"

 ती हळूच म्हणाली, "मी काही शोधलं नव्हतं, बाबा. तुम्ही सगळ्यांना सांगत होता, ते मी ऐकत होते."

ती उठली आणि पानं नेलेल्यांच्या दारोदार गेली. हे औषध नाही, गोळ्या सोडू नका, आणि आपण हे वेळेवर बोललो नाही, असं तिनं प्रत्येकाला सांगितलं. कुणी हसलं, कुणी दार लावून घेतलं. एका आजींनी मात्र तिच्यादेखतच गोळ्यांची पट्टी शोधून काढली.

आता शिंपी लंगडत पायरी उतरतो, तेव्हा लेक दुसरीकडे बघते. मित्रांनो, माझ्यात गुण असतीलही. ते कुणाला, किती मानवतील, हे अजून नीट ठरलेलं नाही. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय माझ्या भरवशावर आपलं औषध सोडू नका. तेव्हा हे मला शिंप्याला सांगता येत नव्हतं. तिला येत होतं, आणि तेच तिला अजून सलतं.