दोन कुलपं आणि तिसरी किल्ली

"बाबा, ठुशी तुम्हीच घेतलीत का?"

मोहनानं हे जेवता जेवता विचारलं, कढीची वाटी पुढे ओढत, जणू मीठच मागत होती. खरं तर प्रश्न तिचा नव्हताच. त्याच संध्याकाळी मैत्रिणींनी पैज लावली होती. विचारलंस तर आठवडाभर शेव-उसळ आमच्याकडून, नाही विचारलंस तर शाळेच्या पिक्चरची डायरेक्टर तू नाहीस. शेव-उसळीसाठी कदाचित तिनं दहा वेळा विचार केला असता. डायरेक्टरपद म्हटल्यावर तिनं एकदाही केला नाही.

सलीलचा, म्हणजे तिच्या बाबांचा, घास हातातच राहिला. आई निरुपमा पोळी भाजायची थांबली. आणि मी? मी कोपऱ्यात होते. मला उत्तर माहीत होतं, पण मला बोलता कुठं येतं.

मित्रांनो, मी एक जुनी शिसवी पेटी आहे. आमच्या बडोद्यातल्या मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये सध्या माझ्यावर वायफायचा डबा, इस्त्रीला द्यायचे कपडे आणि मोहनाचं दप्तर असा संसार आहे. पाहुण्यांना मी टेबल वाटते. पण माझ्या पोटात गौरींचे पितळी मुखवटे आहेत, त्यांचे दागिने आहेत, आणि आजवर कोणी काही म्हणो, माझा तोरा काही कमी झालेला नाही.

मला छाणीच्या एका सुताराकडून मोहनाच्या आजोबांनी, दत्ताजीरावांनी करून घेतलं. ते शाळेत गणित शिकवायचे. त्यांना दोन मुलगे, थोरला समरजित आणि धाकटा सलील. पुढे समरजितनं सुभानपुऱ्यात घर घेतलं, सलीलनं मांजलपूरला. तेव्हा गौरी एक वर्ष इथं आणि एक वर्ष तिथं असं ठरलं. मला टेम्पोत घालून न्यायचे, आणि मी बडोद्याचे सगळे खड्डे मोजत जायची. त्याच सुमाराला दत्ताजीरावांनी मला दुसरं कुलूप बसवून घेतलं. दोन कुलपं, दोन किल्ल्या, एकेका मुलाकडे एक. "दोघं मिळूनच उघडायची आणि दोघांनी मिळूनच भरायची," ते म्हणाले. "भांडलात तरी वर्षातून एकदा भेटाल."

गणिताच्या मास्तरांचं गणित चांगलं होतं. चुकलं ते पुढचं.

ते दुसरं कुलूप बसवलं विश्रामनं. तो दोघा भावांचा शाळेतला मित्र. छाणीला त्याचं कुलूप-किल्लीचं छोटं दुकान आहे. दर वर्षी गौरींच्या दिवसांत तो यायचा, माझ्या कुलपांत तेल सोडायचा आणि सलीलला म्हणायचा, "तुमच्या घरात सगळ्यात कमी कुरकुर करणारी हीच." मग तिघं मित्र चहा पीत बसायचे. हळदीकुंकवाच्या दिवशी बायका मला हात लावून म्हणायच्या, काय सुंदर पेटी आहे हो. मित्रांनो, कौतुक ऐकायला लाकडालाही आवडतं.

मग सोन्याचा भाव वाढला.

दोन गणपतींपूर्वीची गोष्ट. गौरींची पाठवणी झाली आणि रीतीप्रमाणे दोघे भाऊ मला भरायला बसले. समरजित म्हणाला, "आता हे सगळं मोडून अर्धं अर्धं करू या. उगीच पेटीत कुजतंय." सलील म्हणाला, "ठुशी मोडायची नाही. ती आईची आहे. ती आमच्याकडे राहील." "तुमच्याकडे का?" "मग तुमच्याकडे का?" तोंडं चालू होती आणि हातही चालू होते. सलीलनं मुखवटा उलटा धरला. समरजितनं ताम्हनातला ओटीचा खण उचलला आणि मुखवट्याला पोचा पडू नये म्हणून आत कोंबला, दर वर्षी कोंबतात तसाच. त्या खणाच्या घडीत ठुशी अडकलेली होती. दोघांपैकी एकाचंही तिकडे लक्ष नव्हतं. दोघांचं लक्ष होतं ते फक्त ठुशीवर.

त्या भांडणात दागिने न मोजताच मला कुलपं लावली, आणि दुसऱ्या दिवशी मोजायला उघडलं तर ठुशी सापडेना.

त्या संध्याकाळी जे झालं ते सांगताना माझ्या बिजागऱ्या अजून दुखतात. आधी भावानं भावाकडे पाहिलं. मग दोघांनी मिळून सकाळी तेल सोडायला आलेल्या विश्रामकडे. "किल्ल्या करणारा माणूस," समरजित म्हणाला, "त्याला तिसरी करायला किती वेळ लागतो?" सलील खाली मान घालून दागिने पुन्हा मोजू लागला. विश्राम चहाला म्हणून येऊन दारातच उभा होता. त्यानं चप्पल घातली आणि गेला. मला धाडकन बंद केलं गेलं, आणि त्यानंतर दोन्ही घरांत गौरी कागदी मुखवट्यांवर आल्या. दिसायला बऱ्या होत्या. पण मी अंधारात बसून विचार करायची, की दोन कुलपांची पेटी उघडायला ज्यांना एकमेकांची गरज होती, त्यांना भांडायला मात्र अगदी कुणाचीच गरज पडली नाही.

या वर्षी शाळेत लघुपटांची स्पर्धा जाहीर झाली आणि मोहना घरात उडतच आली. ती, तिची चुलत बहीण म्हणजे समरजितची मुलगी अस्मिता आणि त्यांची मैत्रीण आकांक्षा अशा तिघींनी ठरवलं, की क्राइम थ्रिलर करायचा. नाव 'तिसरी किल्ली'. दोन भाऊ, एक मित्र, एक पेटी. मित्र चोर निघतो, भाऊ त्याला संपवतात, आणि शेवटी पेटी उघडली तर रिकामी. स्क्रिप्ट त्यांनी माझ्यावर बसूनच लिहिली. दोन्ही घरं बोलत नसली तरी या दोघी बोलायच्या. पण दोन दिवसांत त्याही भांडल्या.

"थोरला भाऊ जास्त लोभी दाखवायचा," मोहना म्हणाली.

"का? तो माझा बाबा आहे म्हणून? धाकटा दाखव ना."

"धाकटा इमोशनल आहे, अस्मिता. आधी कॅरॅक्टर समजून घे."

"तू तुझ्या बाबांना आधी विचार, ठुशी कुठंय. मग कॅरॅक्टर शिकव."

आकांक्षा फोनवर शॉट लावत होती. ती म्हणाली, "बेन, तुम्ही दोघी शूटिंगच्या आधीच एकमेकींचा मर्डर करणार. पण आयडिया मस्त आहे. दोघी आपापल्या बाबांना विचारा. लागली पैज?"

तो प्रश्न असा जन्मला, मित्रांनो.

सलील त्या रात्री जेवण सोडून उठला. त्यानं कपाटातून किल्ली काढून मोहनाच्या ताटाजवळ ठेवली. "उघड. बघ मी घेतलीय का ते." तिकडे सुभानपुऱ्यात समरजितनंही असंच काहीतरी केलं असावं, कारण रविवारी सकाळी अस्मिता दुसरी किल्ली घेऊन हजर झाली.

पण माझी कुलपं गंजली होती. किल्ल्या फिरेनात. आकांक्षा म्हणाली, हातोडी आणू. मला तर तेव्हाच पोचे दिसायला लागले. मोहनानं मात्र माझ्यावरून हात फिरवला आणि छाणीला फोन लावला.

"विश्रामकाका, पेटीची कुलपं अडकलीत. याल?"

"बाबांना विचारलंस?"

"नाही."

"मग आधी विचार बेटा."

मोहनानं तिथूनच हाक मारली, "बाबा, विश्रामकाकांना बोलावतेय. चालेल ना?" सलीलनं वर्तमानपत्र खाली केलं नाही. पेपरामागूनच आवाज आला, "निरुपमा, चहा जास्त ठेव."

विश्राम आला, स्कूटीवरून, तीच तेलाची बाटली घेऊन. त्यानं थेंब थेंब तेल सोडलं आणि हात मागे घेतला. "चाव्या तुम्ही फिरवा. मी हात लावणार नाही." मोहनाला आधी वाटलं, काका गंमत करतायत. मग तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

दोघी बहिणींनी एकदमच किल्ल्या फिरवल्या. माझं झाकण उघडलं. किती दिवसांनी उजेड पाहिला मी! स्क्रिप्टप्रमाणे रिकामी पेटी हवी होती, म्हणून त्या सामान बाहेर काढू लागल्या. मोहनानं मुखवटा उचलला, आतला खण ओढला, आणि ठुशी फरशीवर पडली.

अस्मितानं वाकून ती उचलली. आकांक्षाचा कॅमेरा चालूच होता. विश्राम म्हणाला, "बंद कर बेटा ते." आणि चहा न पिता निघून गेला.

समरजितला फोन गेला, तो धावत आला. मला वाटलं, आता दोघे रडतील, मिठी मारतील. मी जुन्या वळणाची पेटी, मला असंच वाटणार. पण समरजित म्हणाला, "खण तूच कोंबला असशील." सलील म्हणाला, "मी मुखवटा धरला होता, कोंबला तू." मग जरा हसले. मग समरजितनं ठुशी तळहातावर तोलली आणि म्हणाला, "बरं, आता ही कुणाकडे राहणार?"

विश्रामचं नाव कोणीच घेतलं नाही.

दोघी मुली दारात उभ्या होत्या. मोहनानं अस्मिताकडे पाहिलं. मला बंद करून दोघींनी आपापली किल्ली खिशात टाकली आणि बाहेर पडल्या.

मित्रांनो, मला इतकंच सांगायचंय. पेटीला तेल लागतं, हे सगळ्यांना कळतं. गंज चढला की किल्ली फिरत नाही, म्हणजे निदान आवाज तरी होतो. माणसाचं तसं नसतं. माणूस चप्पल घालून गुपचूप निघून जातो आणि त्याची कुरकुर कुणाला ऐकूच येत नाही. तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी पेटी असेल तर तिच्यावरचे कपडे उचला, कुलपात तेल सोडा. आणि ते तेल सोडायला कोण यायचं, ते आता का येत नाही, हेही घरात विचारा. शेव-उसळ मिळो न मिळो.

मोहना दिवेलागणीला परत आली. निरुपमा माझ्यावरची धूळ पुसत होती. सलील शेजारी बसला होता, ठुशी अजून त्याच्या हातात होती.

"पिक्चर मी पूर्ण करणार," मोहना म्हणाली. "चोर मात्र बदललाय. आणि आई, बाबा, आजपासून आपली किल्ली विश्रामकाकांकडे राहील. अस्मिताच्या घरची पण. ते घेत नव्हते, आम्ही त्यांच्या दुकानात खिळ्याला टांगून आलो. या वर्षी गौरी आणायच्या असतील तर विश्रामकाकांना बोलवायला तुम्ही दोघं भाऊ जा. मी ठरवलंय."