एकवीस फळ्यांचं छत

मिस्त्रींना शुक्रवारी घरी सोडणार, असं डॉक्टरांनी सोमवारी सकाळी सांगितलं, आणि अक्काच्या डोळ्यांपुढे सगळ्यात आधी आलं ते खोलीचं छत.

मिस्त्री, म्हणजे तिचा नवरा. सगळं गाव त्यांना मिस्त्रीच म्हणायचं, अक्काही. एका गिऱ्हाइकाच्या घरी शिडीवरून पडले आणि खुब्याचं हाड मोडून बसले. आता तीन महिने पाठीवर पडून राहायचं होतं. डॉक्टरांनी अक्काला बाहेर बोलावून आणखी एक गोष्ट सांगितली होती. काठी घेऊन चालतील, पण शिडीचं आता विसरा. ती गोष्ट अक्काने पदराला गाठ मारल्यासारखी स्वतःपाशीच ठेवली. कारण मिस्त्रींनी आधीच भिंतीकडे तोंड केलं होतं. दोन घास खायचे, "पुरे" म्हणायचे, की पुन्हा भिंत.

"काय हवंय तुम्हाला घरी गेल्यावर?" अक्काने विचारलं होतं.

"काय हवंय? बरगड्या मोजत पडायचं आता."

बरगड्या म्हणजे त्या खोलीच्या छताला मारलेल्या लाकडी पट्ट्या. सहा वर्षांपूर्वी गळतीने छताचा गिलावा सुटला. मिस्त्रींनी तो खरवडला, पट्ट्या मारल्या, छान एकवीस फळ्या आणल्या, रंधा मारला, प्रत्येकीच्या कडेला खाच पाडली, म्हणजे एकीची कड दुसरीच्या कडेवर बसावी आणि मधून धूळ पडू नये. दुसऱ्या दिवशी ठोकायच्या म्हणून रचून ठेवल्या, तर दारात गिऱ्हाईक. ते छत झाल्यावर दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं. फळ्या मागच्या पत्र्याच्या खोलीत गेल्या त्या गेल्याच. आणि अक्का सहा वर्षं, येता-जाता, ऐकवत राहिली, "चार फळ्या ठोकायच्या, त्यात काय मोठं? भात शिजेस्तोवर मी ठोकीन!"

आता ते बोलणं अंगाशी आलं होतं.

"आई, दुसरा सुतार बोलवू या," बेबी म्हणाली. बेबी ही अक्काची एकुलती लेक, वय वर्षं अडतीस.

"जन्मभर लोकांच्या डोक्यावर छत घातलं त्या माणसाने, आणि स्वतः दुसऱ्याच्या हातच्या छताखाली निजतील? श्वास कोंडेल त्यांचा. मी ठोकणार. तू धर. आणि तुझ्या नवऱ्याला सांग, चार दिवस रजा टाका म्हणावं."

जावईबापू टपाल कचेरीत होते. पोरीला सांभाळून घेणारा, सरळ माणूस. पण अक्काच्या मते त्यांचे हात पाकिटांवर शिक्के मारण्यापलीकडे कशाला घडलेलेच नव्हते. जावई म्हणून त्यांना अहो-जाहो करावं लागे आणि त्यामुळे तिचं निम्मं बोलणं घशातच अडके. उरलेलं निम्मं मात्र बाहेर येई.

मंगळवारी पहाटे उठून अक्काने फळ्या अंगणात ओढल्या. सहा वर्षांची धूळ, कोळ्यांची जाळी, एकीवर तर उंदराने संसार थाटलेला. असलं घाण लाकूड नवऱ्याच्या डोक्यावर? तिने बादलीत साबण कालवला, घासणी घेतली आणि एकवीसच्या एकवीस फळ्या दोन्ही अंगांनी धुऊन काढल्या. मागच्या बाजूला पेन्सिलीने काहीबाही लिहिलेलं होतं, आकडे, बाण, फुल्या. "या माणसाला कागद कधी सापडला नाही," असं पुटपुटत तिने तेही घासून काढलं. दुपारपर्यंत फळ्या भिंतीला टेकून अशा उभ्या राहिल्या, जशा न्हाऊन शाळेला निघालेल्या पोरी. अक्काला स्वतःचंच कौतुक वाटलं. कंबरेत मात्र उसण भरली ती भरलीच.

बुधवारी काम सुरू झालं.

अक्का फळीचं एक टोक झाडूच्या लांब दांड्याने वर दाबून धरायची. दांड्याला जुनं फडकं गुंडाळलं होतं, वळ उठू नये म्हणून. दुसरं टोक बेबी स्टुलावर उभी राहून डोक्याने पेलायची. जावईबापू शिडीवर, तोंडात खिळे.

"तो खिळा आहे, जावईबापू, पोस्टाचं तिकीट नाही. मारायचा, चिकटवायचा नाही."

"मारतोच आहे, आई."

"ऐकू येतंय. खिळा सोडून सगळीकडे मारताय."

"आई, माझी मान गेली," बेबी म्हणाली.

"माझी चाळीस वर्षांपूर्वी, लग्नातच गेली. धर नीट."

तीन फळ्या चढल्या. मान वर करून करून डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. लाकडाचा भुसा पापण्यांत, घामात, दातांत. चौथी फळी उचलली आणि जावईबापू थांबले.

"आई, हिला या कडेला खाचच नाही. सरळच कापलीय."

"विसरले असतील."

"बाबा? विसरले?" बेबी म्हणाली.

"माणूसच आहेत ते. लग्नाचा दिवस विसरतात, खाच नाही विसरणार?"

"आणि या टोकाला ही चांगली दोन बोटं बारीक वाटते," जावईबापू चाचरत म्हणाले. "बाजूला ठेवू का?"

अक्काचे दोन्ही हात भरून आले होते. ती फळी पुन्हा खाली घ्यायची, दुसरी उचलायची, हे मनात आलं आणि तिच्याने ते होईना. "लाकूड आहे ते, साबणाची वडी नव्हे, सगळं एका मापाचं असायला. लावा. हात आहेत की नाही माझे?"

जावईबापूंनी लावली.

गुरुवारी संध्याकाळी एकविसावी फळी बसली. बसली म्हणजे, बसेना. जावईबापूंनी ती ठोकून ठोकून, खांदा लावून, देवाचं नाव घेऊन दाबली तेव्हा ती कशीबशी आत गेली आणि भिंतीला घट्ट भिडली. केसभर फट नाही. अक्काने कमरेवर हात ठेवले.

"बसली का नाही?"

"बसली, आई." जावईबापूंच्या डाव्या अंगठ्याचं नख निळं पडलं होतं. अक्काने ते पाहिलं. स्वयंपाकघरात जाऊन तेल कोमट केलं, वाटी त्यांच्यासमोर ठेवली आणि केर काढायला लागली. बेबी म्हणायची, आईची माफी अशीच वाटीतून येते.

शुक्रवारी मिस्त्रींना आणलं. दोघा जणांनी खुर्चीत बसवून आत घेतलं, अलगद पलंगावर निजवलं. अक्का उशी सारखी करत राहिली, चादर ओढत राहिली, पण लक्ष सगळं त्यांच्या तोंडाकडे. त्यांनी वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग डोळे मिटले.



अक्काने दुपारी मऊ भात कालवला. दोन घास. "पुरे." आणि मान पुन्हा भिंतीकडे.

ती स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिली. तिच्या अंगात राग यायचीही ताकद नव्हती. चार दिवस ती कशाच्या बळावर चालली होती ते तिला आता कळलं. एकदा म्हणतील, बरं झालंय. तेवढंच. तेवढ्यासाठी बाई झाडूला लटकली.

शनिवार गेला, रविवार गेला. ऊन कडक होतं. रविवारी दुपारी छतात कुठेतरी कट् असा आवाज झाला. मग आणखी एक. भिजून फुगलेलं लाकूड आता वाळून आकसत होतं. अक्का पाणी घेऊन आत गेली तेव्हा मिस्त्री स्वतःच्या छातीकडे बघत होते. पांढऱ्या बंडीवर चिमूटभर माती पडली होती. जुन्या गिलाव्याची.

"फळ्या धुतल्यास," ते म्हणाले. घरी आल्यापासूनचं त्यांचं हे पहिलं धड वाक्य.

"सहा वर्षांची घाण होती त्यांच्यावर."

"मागे आकडे होते."

"होते. कागद काय महाग झाला होता?"

"चौथी आहे ना, ती एकविसावी."

अक्काला काही उमगेना. मिस्त्रींनी बोट वर केलं. बोट नेमकं चौथीवर होतं. "ही खोली वाकडी आहे. ती भिंत एका टोकाला दोन बोटं आत आलीय. म्हणून शेवटची फळी तशी कापली होती, तिरकी. भिंतीला लागणारी कड, तिला खाच कशाला? तू ती मधेच घातलीस. तिथून पुढं सगळं तिरपं गेलंय."

"काही तिरपं नाही. शेवटची फळी भिंतीला कशी चपखल बसली ते बघा आधी."

"बसणारच. वाकडी फळी कुठेही घाल, वाकड्या भिंतीला जाऊन भिडणारच. इथे ये. पड."

"भरदुपारी?"

"पड म्हणतो ना."

अक्का पलंगाच्या कडेला, त्यांच्या दुखऱ्या बाजूला धक्का न लावता, आडवी झाली. आठवडाभरात पहिल्यांदा निवांत पाठ टेकली. पाठीतला एकेक मणका जागेवर येताना तिला ऐकू आला. मग तिने वर पाहिलं.

शिडीजवळून दिसलं नव्हतं, केर काढताना दिसलं नव्हतं. पहिल्या तीन फळ्या सरळ. चौथी डाव्या टोकाला रुंद, उजव्या टोकाला निमुळती. तिच्यापुढे काळी फट. आणि पुढच्या सगळ्या फळ्या, एकामागे एक, उजवीकडे कलत गेलेल्या, वाऱ्यावर झुकलेल्या दोऱ्यांसारख्या. एकदा दिसल्यावर ते न दिसणं शक्यच नव्हतं. हे त्यांनी दोन दिवस, जागेपणी प्रत्येक क्षणी पाहिलं होतं.

"जावयांनी सांगितलं होतं मला," ती म्हणाली. "दोनदा सांगितलं."

"मग?"

"हात भरून आले होते माझे."

बाहेर बेबी आणि जावईबापू येऊन टेकल्याचा आवाज झाला, चपला निघाल्या.

"उद्या उतरवते सगळं," अक्का म्हणाली. "अठराच्या अठरा. पुन्हा लावू."

दाराबाहेर कुणीतरी कण्हलं. तो आवाज जावईबापूंचाच होता.

"कुणी हात लावायचा नाही," मिस्त्री म्हणाले. आवाज एकदम कामावरचा झाला, गडीमाणसांवर ओरडायचा तो. "एकही खिळा काढायचा नाही कुणी. तिरपा मारलाय प्रत्येक, ओढलात तर फळ्या फाटतील. तीन महिन्यांनी मी उतरवतो. माझ्या हाताने." आणि थोडं थांबून, "भूक लागलीय. सकाळचं काही आहे का?"

शिडीचं आता विसरा. ते शब्द अक्काच्या ओठांपर्यंत आले. तिने आयुष्यात कधी ओठांपर्यंत आलेलं परत पाठवलं नव्हतं. आज पाठवलं.

"बरं," ती म्हणाली.

मिस्त्रींनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांच्या संसारात नुसतं "बरं" त्यांनी ऐकलं नव्हतं. ते बघत राहिले. तिने नजर छतावरून काढली नाही.

"डॉक्टर काही म्हणाला का तुला?" त्यांनी हळूच विचारलं.

"डॉक्टर काय, तोंड आहे म्हणून बोलतो." ती उठू लागली, पण कंबर उठेना. "बेबी! बाबांना भात गरम करून आण गं. जास्त आण."

भात आला. बेबी भरवत होती. मिस्त्री घास चावता चावता वर बघत होते आणि चमच्याच्या मधल्या वेळात सांगत होते, सातवीला दोन खिळे कमी आहेत, बारावी उलटी लागलीय, गुळगुळीत बाजू वर गेली, कुणी मारली ही? दारात उभे जावईबापू म्हणाले, "मीच, बाबा." "अंगठा दाखव," मिस्त्री म्हणाले. त्यांनी दाखवला. "हं. माझापण पहिल्या छताला असाच झाला होता."

अक्काने ते अर्धवटच ऐकलं. तिच्या केसांत अजून भुसा होता, हात पलंगाखाली लोंबत होता, आणि ती, नवऱ्याच्या शेजारी, भरदुपारी, पोरीच्या आणि जावयाच्या देखत, तोंड उघडं टाकून झोपी गेली होती. फटीतून पुन्हा चिमूटभर माती पडली, या वेळी तिच्या कपाळावर. मिस्त्रींनी ती बोटाने पुसली आणि बेबीला म्हणाले, "तेरावीपासून पुढचे खिळे मोज बघू, तिकडचे मला इथून नीट दिसत नाहीत."